समोरून दिसणारी पाठ

मागच्या ईदला माझी भाची पुण्याहून आली होती. जेवणं आटोपल्यावर तिनं फोन माझ्यापुढे धरला. "मामू, जगातली सगळ्यात देखणी हॉटेलं बघा." एकामागून एक चित्रं सरकू लागली. उदयपूरच्या पिछोला तलावात तरंगत असल्यासारखा पांढराशुभ्र लेक पॅलेस, दुबईचं शिडाच्या आकाराचं बुर्ज अल अरब, सिंगापूरच्या मरीना बे सँड्सच्या गच्चीवरचा पोहण्याचा तलाव. आणि मग आपला मुंबईचा ताज. त्याखाली मजकूर होता की, हे हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं. विलायतेहून परतलेल्या गोऱ्या वास्तुविशारदानं ते पाहिलं आणि जीव दिला.

मला हसू आलं. ही गोष्ट मी आठ-नऊ वर्षांचा असताना गेटवेसमोरच ऐकली होती. आम्ही कोकणातून मुंबईला आलो होतो. तिथल्या एका फोटोवाल्यानं आम्हा चौघांना ताजकडे पाठ करून उभं केलं, आणि कॅमेरा जुळवता जुळवता ही कथा अब्बांना ऐकवली. पत्ता लिहून घेतला. पंधरा दिवसांनी टपालानं फोटो आला. आम्ही सगळे काठीसारखे ताठ, मागे ताज, आणि घुमटाचं टोक कापलेलं. तो फोटो कित्येक वर्षं आमच्या ओटीवर टांगलेला होता. आत जाऊन चहा प्यावा असं मात्र आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ताज होता तो फोटोसाठीच.

आता त्या कथेत खरं किती, ते पाहू.

जमशेदजी टाटांनी १८९८ साली अपोलो बंदराजवळची ही जागा घेतली. दोनच वर्षांपूर्वी आलेल्या प्लेगनं मुंबई खचली होती. अशा शहरात समुद्राकाठी इतकं मोठं हॉटेल उभारणं हे धाडसच होतं. वॉटसन हॉटेलात आपल्याला प्रवेश नाकारला म्हणून जमशेदजींनी ईर्षेनं ताज बांधलं, असं सांगतात. पण इतिहासाच्या अभ्यासकांनी या गोष्टीबद्दल शंका घेतलेली आहे. १६ डिसेंबर १९०३ रोजी ताज सुरू झालं, तेव्हा बांधकाम पुरतं संपलेलंही नव्हतं. पहिल्या दिवशी पाहुणे होते अवघे सतरा. जमशेदजी पुढच्याच वर्षी जर्मनीत वारले.

तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हता. त्याची पायाभरणी १९११ साली झाली आणि उद्घाटन १९२४ साली. आपण ज्या दोन वास्तू एकाच फोटोत पकडतो, त्यांच्यात एकवीस वर्षांचं अंतर आहे.

आणि तो गोरा वास्तुविशारद? ताजचा आराखडा केला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांनी. वैद्य काही नवखे नव्हते. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो, त्या स्टेशनाच्या बांधकामावर ते स्टीव्हन्स यांच्या हाताखाली सहायक अभियंता होते. ताजचं काम पुरं होण्याआधीच वैद्य वारले. मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्यानं ते पुरं केलं. आत्महत्या कुणीच केली नाही.

उलटं बांधण्याचंही तसंच. त्या काळी पाहुणे घोडागाडीतून शहराच्या बाजूनं येत, म्हणून मुख्य दरवाजा तिकडे, पश्चिमेला ठेवला. समुद्राच्या बाजूची लांबलचक भिंत खोल्यांसाठी राखली; तिथे वारा होता आणि बंदराचा देखावाही. पंखे-विजेची नवलाई असलेल्या त्या दिवसांत उकाड्यावरचा हा शहाणा उपाय होता. पुढे गेटवे झाला, रहदारी वाढली आणि दरवाजा समुद्राकडे आला. जुन्या प्रवेशाच्या जागी आज पोहण्याचा तलाव आहे. म्हणजे लाखो लोक ज्या बाजूचे फोटो काढतात, ती ताजची मूळची पाठ आहे!

मंडळी, मला खरी खंत वाटते ती पुढेच. शंभराहून अधिक वर्षं ही दंतकथा का टिकली असेल? इतकी देखणी इमारत म्हणजे ती गोऱ्या माणसानंच काढलेली असणार, हे आपण न विचारता धरून चाललो. चूक झाली तर ती मजुरांची, देशी माणसांची. या एका गोष्टीपायी एक मराठी अभियंता स्वतःच्या वास्तूतूनच बाहेर पडला. फोटो घराघरांत पोहोचला आणि नाव मागेच राहिलं.

फोटोत न मावणारं तिथे आणखीही बरंच आहे. पहिल्या महायुद्धात या हॉटेलात सहाशे खाटांचं इस्पितळ उघडलं होतं. २००८ च्या नोव्हेंबरात त्याच घुमटाखालून निघणारे धुराचे लोट साऱ्या जगानं पाहिले. पाहुण्यांना वाचवताना तिथले कर्मचारी मेले. आपण घुमट ओळखतो, त्यांची नावं किती जणांना सांगता येतील? जळालेली जुनी इमारत पुन्हा पूर्णपणे उघडली ती १५ ऑगस्ट २०१० रोजी. २०१७ साली ताजच्या बाह्यरूपाची ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली. देशातल्या एखाद्या इमारतीच्या बाबतीत हे प्रथमच घडलं. धंद्यासाठी ते चित्र वापरायचं तर आता परवानगी लागते. हौसेनं फोटो काढून घरी नेणाऱ्याला आडकाठी नाही. अब्बांच्या फोटोवर कुणाचा हक्क नाही, हे ऐकून मला बरं वाटलं.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं. मग तोच फोटो आपल्या मैत्रिणींना पाठवला आणि खाली लिहिलं, 'वास्तुविशारद : सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा.' कुणाचा तरी लगेच प्रश्न आला, 'हे कोण?'

"आता तुम्हीच सांगा, मामू," असं म्हणत तिनं फोन माझ्या हातात दिला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)