प्रवासी विमानाची कुळकथा

भारतातली नियमित हवाई वाहतूक सुरू झाली ती प्रवाशांसाठी नव्हे, टपालासाठी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पहिल्या वर्षात या सेवेने १५५ प्रवासी नेले आणि ६० हजार रुपये नफा कमावला. प्रवासी टपालाच्या जोडीने, जागा उरली तर. प्रवासी विमान पुढे जे रूप घेत गेले, त्याच्या बहुतेक पायऱ्या मुंबई परिसरातल्या धावपट्ट्यांवर पाहायला मिळाल्या.

टाटांचे ते विमान डी हॅविलँड कंपनीचे पुस मॉथ. धडाचा सांगाडा पोलादी नळ्या जोडून केलेला, पंख लाकडाचे आणि त्यांवर कापड. कापडाला डोप नावाचे लुकण दिले की ते आक्रसून ताठ बसे आणि पाणी आत शिरत नसे. नाकात सुमारे १२० अश्वशक्तीचे एकच इंजिन, मागे बंद केबिनमध्ये वैमानिक आणि एखाद-दोन माणसे. वेग मारण्यासाठी वेगळी सोय नव्हती. चाकांच्या दांड्यांवरची आवरणे आडवी फिरवून हवेला अडवायची, एवढाच काय तो ब्रेक. कापडी पंखांच्या हलक्या विमानांची हौस पुढेही टिकली. ठाण्यात वर्तकनगरला लागून असलेल्या जेकेग्राममध्ये ज्यांची कापड गिरणी होती, त्या रेमंडचे विजयपत सिंघानिया १९८८मध्ये मायक्रोलाइट विमानातून एकट्याने इंग्लंडहून भारतात आले. त्यांना २३ दिवस लागले.

विमान वळवण्याची रचना मात्र पुस मॉथमध्ये होती तीच आजही आहे. पंखांच्या टोकांजवळच्या मागच्या कडेला एलेरॉन असतात. एक वर गेला की दुसरा खाली जातो आणि विमान एका कुशीवर कलते. शेपटीच्या आडव्या पंखाला एलिव्हेटर असतो, त्याने नाक वर-खाली होते. उभ्या पंखाला रडर असतो, त्याने नाक डावी-उजवीकडे वळते. नावेच्या सुकाणूवरून या रडरचे काम समजते, पण विमान वळते ते मुख्यतः कलण्याने, सुकाणूने नव्हे. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला वळताना एका खिडकीत आकाश आणि दुसरीत जमीन दिसते, ती याच कारणाने.

जुहूचे मैदान समुद्रालगतच्या दलदलीतले. पावसाळ्यात त्याचा चिखल होई आणि टाटांना आपला सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. मोठ्या विमानांना पक्की धावपट्टी हवी, हे उघड होते. ती मिळाली युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी विमानतळ उभा राहिला आणि युद्धानंतर तो नागरी वाहतुकीकडे आला. त्याच काळात कल्याणजवळ नेवाळीलाही ब्रिटिशांनी शेतकऱ्यांची जमीन घेऊन धावपट्टी केली. तिथे मात्र प्रवासी विमानतळ कधी झाला नाही. जमिनीचा वाद तेवढा राहिला आणि जून २०१७मध्ये त्यावरून मोठे आंदोलन पेटले.

पक्क्या धावपट्टीवर आले डकोटा, म्हणजे डग्लस डीसी-३. याचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५चे. युद्धानंतर लष्कराकडची शिल्लक डकोटा स्वस्तात मिळाली आणि भारतातल्या अनेक कंपन्यांनी त्यांवरच संसार थाटला. डकोटाचा पत्रा ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा होता. हा पत्रा नुसते आवरण नसून भारही उचलतो. दोन इंजिने, आकाशात आत घेता येणारी चाके आणि पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप, या तिन्ही गोष्टी प्रवाशांच्या नेहमीच्या वाहतुकीत रुळल्या त्या अशाच विमानांमुळे. फ्लॅप खाली सोडले की पंखाची बाकदारता वाढते आणि कमी वेगातही विमान तरंगते. त्यामुळे ते सावकाश उतरू शकते. एक खोट होती. तिसरे चाक शेपटीखाली, म्हणून जमिनीवर उभ्या डकोटात शिरणाऱ्याला आसनापर्यंत चढ चढत जावे लागे.

टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाल्यावर ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्याचे तिसरे चाक नाकाखाली होते, म्हणून केबिन सपाट. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे केबिनमध्ये दाबाखाली हवा भरलेली होती. त्यामुळे ढगांच्या वरून जाता येई. आजची विमाने दहा-अकरा किलोमीटरवरून जातात. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या पावपटीइतका असतो. आत मात्र सुमारे २,४०० मीटरवर असावा तितका दाब राखतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेसातशे मीटर वरचा.

दाब भरलेले धड प्रत्येक उड्डाणात किंचित फुगते आणि उतरल्यावर आक्रसते. याची किंमत कॉमेटने मोजली. ब्रिटिशांचे हे जेट विमान १९५२मध्ये प्रवासी सेवेत आले. जुलै १९५३मध्ये एक कॉमेट सांताक्रूझ समजून चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि काही दिवसांनी तिथूनच उडवून नेण्यात आले. (अशी चूक एकदाच झाली नाही. १९७२मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ही जुहूला उतरून धावपट्टीबाहेर गेले.) पण १९५४च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट इटलीजवळ हवेतच फुटली. पाण्याच्या टाकीत अख्खे धड बुडवून पुन्हा पुन्हा दाब दिल्यावर कळले, की धडातल्या खिडक्यांसारख्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांशी ताण साठून धातू थकतो. कोपरे गोलाकार ठेवणे आणि पत्र्याला मध्ये मध्ये आडवी बळकटी देणे हा धडा सगळ्या कारखान्यांनी घेतला. आजच्या खिडकीत एकामागे एक तीन तावदाने असतात. बाहेरचे दाब सोसते, आतले ओरखड्यांपासून जपते. मधल्या तावदानाच्या खालच्या भागात सुईच्या नेढ्याएवढे भोक असते. त्याने दाब बाहेरच्या तावदानावर जातो आणि काचेवर धुके धरत नाही. भोकाभोवती बर्फाची नक्षी उमटलेली कधी कधी दिसते.

१९६०मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले आणि दोन वर्षांत कंपनीचा सारा ताफा जेट झाला. मागे झुकलेले पंख आणि पंखांखाली लटकणारी चार इंजिने, हा ७०७चा साचा. पंख मागे झुकवले की ध्वनीच्या वेगाजवळ गेल्यावर वाढणारा हवेचा विरोध कमी होतो. इंजिन लटकते ठेवले तर आग लागली तरी ते पंखापासून दूर राहते आणि दुरुस्तीला हाताशी येते. इंधन पंखांच्या पोटात भरतात, कारण त्याचे वजन पंखांना वर वाकवणाऱ्या जोराला अडवते. १९७१मध्ये एअर इंडियाकडे आलेल्या ७४७ने आकार वाढवला, खिडक्यांभोवती झरोके रंगवून घेतले आणि नवे इंजिन आणले. त्यात पुढचा मोठा पंखा जी हवा ओढतो, तिच्यातली बहुतेक जळणाऱ्या गाभ्यात न जाता बाहेरूनच मागे फेकली जाते. त्याने इंधनही वाचते आणि आवाजही कमी होतो.

यानंतर बाह्यरूप फारसे बदलले नाही. पंखांच्या टोकांना वर वळलेली पाती आली, ती टोकावरच्या भोवऱ्यांमुळे वाया जाणारी शक्ती वाचवतात. उतरताच पंखांवर फळ्यांसारखे उभे राहणारे स्पॉयलर पंखाची उचल मोडून सारा भार चाकांवर टाकतात, म्हणजे ब्रेक घट्ट धरतात. बदल झाला तो साहित्यात. एअर इंडियाकडे २०१२पासून असलेल्या बोइंग ७८७चे जवळपास निम्मे वजन कार्बन तंतूंच्या संमिश्राचे आहे. हे संमिश्र ॲल्युमिनिअमसारखे थकत नाही. म्हणून त्याच्या केबिनमध्ये १,८०० मीटरवरचा दाब राखता येतो आणि खिडक्याही आधीच्यांपेक्षा मोठ्या ठेवता येतात.