बाउडन केबलचे आवरण

अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी 1896 मध्ये ब्रिटनमध्ये ज्या केबलचे पेटंट घेतले, तिच्यात ओढ सोसणाऱ्या आतल्या तारेइतकेच तिच्याभोवतीचे, दाब सोसणारे वेटोळ्यांचे पोलादी आवरण महत्त्वाचे होते. 1984 मध्ये सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने ड्युरा-एस या संचात ठरावीक टप्प्यांवर गिअर बदलणारी ‘इंडेक्स’ रचना आणली, तेव्हा वेटोळ्यांचे किंचित आकुंचनही अडचणीचे ठरू लागले आणि पुढे लांबीच्या दिशेने तारा बसवलेले आवरण गिअरसाठी रूढ झाले. ब्रेकला मात्र ते चालत नाही, कारण जोराच्या दाबाखाली ते फुटू शकते. शर्यतीच्या सायकलींसाठी नंतर आलेले, बारीक नळीवर अॅल्युमिनियमचे पोकळ मणी ओवलेले आवरण दोन्हींना चालते आणि हलकेही असते. अर्थात ही बचत काही ग्रॅमांचीच असल्याने, दाबाखाली न आखडण्याचा त्याचा गुणच अधिक मोलाचा मानावा लागतो.