तापीचं दुसरं टोक



यंदाच्या लग्नसराईत आमच्या गटांमधल्या बऱ्याच जणींनी मुली सुरतेला दिल्या. परवाच्या बैठकीत एक मावशी हप्ता भरता भरता म्हणाल्या, "पोर परमुलखात चालली, तिथलं आपल्याला काय ठाऊक?" बैठक संपली, तरी तो शब्द आमच्या डोक्यातून गेला नाही. सुरत परमुलूख कधी झाली? म्हणून आज तिची ओळख करून घेऊ.

सुरुवात आपल्या तापीपासूनच करू. मध्य प्रदेशात मुलताईला ती उगम पावते, बऱ्हाणपूरवरून आपल्याकडे येते. चांगदेवला तिला पूर्णा भेटते, मुडावदला पांझरा. प्रकाशाचं दर्शन घेऊन ती गुजरातेत शिरते आणि सुरतेपुढे समुद्राला मिळते. अशी सव्वासातशे किलोमीटरची तिची वाट. तापी म्हणजे सूर्याची मुलगी, आणि सुरतेचं जुनं नाव सूर्यपूर होतं असं सांगतात. ऊन तिथंही भरपूर आहे, पण आपल्यासारखं कोरडं नाही. हवा दमट, घाम वाळत नाही. समुद्र मात्र शहराला लागून नाही, थोडा दूर आहे. डुमसच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे, पोरी फिरायला जातात. पूर्वी मोठी जहाजं गाळामुळे नदीत येत नसत. ती सुवाळीच्या किनाऱ्याला थांबत आणि तिथून माल शहरात येई.

चारशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातलं मोठं बंदर हेच होतं. १६१३ मध्ये इंग्रजांनी इथं वखार घातली. हजला जाणारे यात्रेकरूही इथूनच जहाजात बसत. आग्र्याहून सुरतेला जाणारा एक मोठा रस्ता बऱ्हाणपूरवरून, आपल्या खानदेशातून जाई. कापड आणि निळीच्या गोण्या लादलेले बैलांचे तांडे आपल्या शिवारातून गेले आहेत. ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेनं फिरला. त्यानं नवापूरबद्दल लिहून ठेवलंय, की गाव विणकरांचं आहे आणि इथल्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो. नवापूरकडच्या तांदळाचं नाव आजही निघतं, हे आमच्या नंदुरबारकडच्या मैत्रिणींना सांगायला नको.

शाळेत आपल्याला सुरत भेटली ती महाराजांच्या स्वारीत, १६६४ आणि १६७० ला. पण एका बाईची गोष्ट पुस्तकात नव्हती. शहाजहानची बेगम मुमताज १६३१ मध्ये बऱ्हाणपूरला बाळंतपणात गेली. चौदावं मूल होतं ते. आधी तिला तापीपलीकडच्या बागेतच पुरलं होतं, ताजमहाल नंतरचा. तिची थोरली मुलगी जहाँआरा. १६४४ मध्ये दिव्याची ज्योत लागून तिच्या कपड्यांनी पेट घेतला, ती कित्येक महिने अंथरुणावर होती. बरी झाली तेव्हा बापानं तिला सुरत बंदराचं उत्पन्न दिलं. तिचं स्वतःचं 'साहिबी' नावाचं जहाज होतं, ती त्यातून व्यापार करी. म्हणजे आई तापीच्या वरच्या अंगाला गेली आणि लेकीचा पैसा तापीच्या मुखाशी जमा होई. बादशहाची लेक ती, तिची न् आपली काय बरोबरी! पण उत्पन्न बाईच्या नावावर होतं, एवढं आम्ही ध्यानात ठेवलं. त्याच काळात यात्रेकरूंसाठी बांधलेली मुघलसराई अजून उभी आहे. सुरत महापालिकेचा कारभार तिथूनच चालतो.

पुढे इंग्रजांनी मुंबई जवळ केली आणि सुरत मागे पडली.

आपलं नातं पुन्हा जोडलं ते कापसानं. १९०० च्या सुमारास सुरतेहून अमळनेरपर्यंत तापी व्हॅली रेल्वे आली. कापूस गेला, मागोमाग माणसं गेली. तेव्हा दोन्हीकडे एकच मुंबई इलाखा होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. हद्द कशी पडली ते नवापूर स्टेशनात बघा. अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत!

आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बाया सांगतात, बहात्तरच्या दुष्काळानं घरातला पहिला माणूस सुरतेला गेला. इकडे जळगावची खानदेश मिल बंद पडली, तिकडे यंत्रमाग वाढत गेले. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत आज अहिराणी सर्रास कानावर पडते. आपण 'शे' म्हणतो, गुजराती 'छे' म्हणतात. भाषा शिकायला वेळ लागत नाही. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. श्रावणात कानबाई तिथंही बसते, रोट होतात. दारूबंदी आहे, निदान कागदावर तरी.

वाईट दिवसही सांगायला हवेत. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीनं लाखो लोक सुरत सोडून पळाले. त्यानंतर शहर असं झाडून काढलं, की स्वच्छतेत त्याचं नाव झालं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि बरंचसं शहर पाण्याखाली गेलं. म्हणून खोली बघताना शेजाऱ्यांना विचारायचं, त्या साली इथं पाणी कुठवर आलं होतं?

काम बायांना घरबसल्या मिळतं. साडीला लेस लावणं, खडे चिकटवणं, धागे कापणं. मजुरी नगावर. आमच्या गटातली एक मुलगी तीन महिने खडे चिकटवत होती. माल देणाऱ्यानं हिशोब तोंडीच ठेवला आणि शेवटी निम्मेच नग मोजले. तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. गटात दोन वर्षं वही लिहिलेली पोर, पण तिथं वही काढायला लाजली. तेव्हा मुलीच्या पेटीत एक वही टाका. रोज किती नग दिले ते लिहून, देणाऱ्याची सही घ्यायची. आधार आणि रेशनकार्डही बरोबर द्या. एक देश एक रेशनकार्डमुळे आपल्या कार्डावर तिथंही धान्य मिळतं.

आणि गाडीत बसवून देताना सांगा, घर लिंबायत-पांडेसऱ्याकडे असेल तर सुरतेपर्यंत जायचं नाही. आधी उधना येतं, तिथंच उतरायचं.