समालोचनातली दुसरी खुर्ची

सामन्याच्या समालोचनात दोन आवाज असतात, याचं आज कुणाला नवल वाटत नाही. एक चेंडू सांगतो, दुसरा त्यातली मेख उलगडतो. पण ही जोडी जमायला बराच काळ गेला, आणि सुरुवात क्रिकेटपासून झालीच नाही.

1923 साली न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचं रेडिओवर वर्णन करायला डब्ल्यू. ओ. मॅकगीहन हे क्रीडापत्रकार बसले. सोबतीला ग्रॅहम मॅकनमी, मूळचे गायक. गर्दी आणि वातावरण रंगवून सांगायचं, एवढंच त्यांचं काम. मॅकगीहन लेखणीचे बहाद्दर खरे, पण मायक्रोफोनला ते लवकरच कंटाळले आणि तिसऱ्या सामन्यात मध्येच उठून गेले. मग गायकानेच खेळ सांगितला. लोकांनी त्यालाच डोक्यावर घेतलं.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या माणसाच्या वाट्याला आधी फारच रुक्ष काम आलं. जानेवारी 1927 मध्ये बीबीसीने ट्विकनहॅमवरचा इंग्लंड-वेल्स रग्बी सामना ऐकवला. समालोचक होते कॅप्टन वेकलम. निर्माते लान्स सिव्हकिंग यांनी त्यांच्यासमोर एक अंध गृहस्थ आणून बसवले, यांना सामना सांगायचा म्हणून. समालोचनाची याहून चांगली शिकवणी मला तरी ठाऊक नाही. त्या दिवसांत ‘रेडिओ टाइम्स’मध्ये मैदानाचे चौकोन आखलेला नकाशा छापून येई आणि खेळ जिकडे सरकेल त्या चौकोनाचा आकडा दुसरा माणूस मागून पुकारत राही.

आपल्याकडे बॉबी तल्यारखान 1934 च्या मुंबईतल्या चौरंगी क्रिकेट सामन्यांपासून रेडिओवर बोलू लागले. दिवसभर एकटेच बोलायचे, जोडीदार म्हटला की त्यांचं बिनसायचं. 1948-49 च्या वेस्ट इंडिजच्या भारत दौऱ्यासाठी रेडिओने आणखी समालोचक घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते सरळ बाजूला झाले. हट्टीपणाच तो, पण एकहाती किल्ला लढवण्याची ताकद असल्याशिवाय असा हट्ट कोण करेल?

रेडिओवर एक चेंडू सांगायचा म्हणजे गोलंदाज कुठल्या टोकाकडून आला, टप्पा कुठे पडला, फटका कुठे गेला, कोण धावला, किती धावा झाल्या, हे सगळं खेळाच्या वेगाने सांगायचं. चेंडू हवेत असताना वाक्य अडखळलं की झेल गेलाच समजा. दुसऱ्या खुर्चीतल्या तज्ज्ञाला दोन चेंडूंमध्ये जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. त्यात एकच मुद्दा मांडायचा आणि गोलंदाज धावायला वळला की तोंड मिटायचं. भल्याभल्या माजी खेळाडूंना हे मिटणंच जमत नाही. मराठीतले समालोचक बाळ ज. पंडित स्वतः रणजी खेळलेले, तरी वर्णनाची कला त्यांनी वेगळी कमावली होती.

टीव्ही आला, चित्र दिसू लागलं आणि दोन्ही खुर्च्या हळूहळू निवृत्त क्रिकेटपटूंकडे गेल्या. आता दोघेही मतं मांडतात, आणि धावसंख्या आपण पडद्यावर शोधतो. पहिल्या खुर्चीसाठी माणूस निवडताना त्याने कसोट्या किती खेळल्या हे विचारूच नये. पडदा झाकून त्याची पाच षटकं ऐकावीत आणि मग ठरवावं.