वऱ्हाडातील बेवड आणि जमिनीतील जिवाणू

वऱ्हाडातील शेतकरी जमिनीच्या कसाविषयी बोलू लागला म्हणजे त्याच्या तोंडी ‘बेवड’ हा शब्द हटकून येतो. आधीच्या पिकाने जमिनीवर जो परिणाम मागे ठेवलेला असतो, तो बेवड. मुगाचा बेवड चांगला, ज्वारीवर ज्वारी वाईट, हे ज्ञान अमरावती व अकोला या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. त्याची उपपत्ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगात कोणासच नीटशी ठाऊक नव्हती. ती कळल्यानंतर तिची व या जुन्या व्यवहाराची सांगड कितपत बसली, हा प्रश्न वऱ्हाडच्या कृषि-इतिहासात महत्त्वाचा आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील जमिनीचा काळा रंग मोठा फसवा आहे. तो पाहून ही जमीन सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असावी असा समज होतो. वास्तविक तीत चिकणमाती व चुना विपुल, नत्र अल्प, आणि स्फुरद बहुतांशी चुन्याशी बद्ध झालेले असते. अशा जमिनीवर १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचा भार टाकला. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि कापसाचा पेरा स्थिरावला. आता रुई ही जवळजवळ निव्वळ काष्ठतंतूंची बनलेली असल्याने तिच्याबरोबर नत्र फारसे जात नाही. ते जाते सरकीबरोबर. सरकी गावातील गुरांना मिळे तोवर तिचा अंश शेणाच्या रूपाने शेतात परतत असे. ती बाजारात जाऊ लागली तसा हा परतीचा मार्ग अरुंद झाला. शेणाचीही तीच गत. १८८९ साली हिंदुस्थानात आलेल्या व्होएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात सरपणाअभावी शेण जाळले जाते याकडे सरकारचे लक्ष वेधले होते. अशा स्थितीत जमिनीत नत्राची भर घालणारा जो एक मार्ग उरला, तो कपाशीतील तुरीच्या ओळींचा, ज्वारीतील मूग-उडदाचा आणि रब्बीतील हरभऱ्याचा.

हा मार्ग कसा चालतो, याचा उलगडा हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ या काळात केला. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठी हा रोग नसून हवेतील नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचे ते वसतिस्थान होय, असे त्यांच्या प्रयोगांतून निष्पन्न झाले. १८८८ मध्येच बेयेरिंक यांनी हे जिवाणू वेगळे काढले. झाड जिवाणूंना शर्करा पुरविते, जिवाणू झाडाला नत्र देतात. गाठ कापून पाहिली असता आतून लालसर दिसली तर तिचे कार्य चालू आहे असे समजावे. हा रंग आपल्या रक्तातील रंगद्रव्याच्या जातीच्याच एका द्रव्याचा असतो. १८९६ साली नोबे व हिल्टनर यांनी या जिवाणूंचे संवर्धन विक्रीस आणले. आपल्याकडे बिहारमधील पुसा येथील संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी मूळगाठींच्या जिवाणूंवर संशोधन करून ते १९२० साली प्रसिद्ध केले. व्यापारी उत्पादनास मात्र १९५६ साल उजाडावे लागले.

या विलंबाचे खापर केवळ सरकारी अनास्थेवर फोडणे रास्त होणार नाही. प्रत्येक जिवाणू प्रत्येक द्विदलाशी जुळत नाही. त्यांचे गट असतात. तूर, मूग, उडीद, चवळी यांच्याशी जुळणारे जिवाणू आपल्या जमिनींत पूर्वापार नांदत आहेत. शतकानुशतके कडधान्य पिकविणाऱ्या शेतात बाहेरचे जिवाणू आणून सोडले, तर त्यांना स्थानिकांशी झुंजावे लागते व बहुधा ते हरतात. शेतकऱ्याला फरक दिसला नाही यात त्याचा दोष नव्हता. किंबहुना बेवड चांगला ठेवणारा शेतकरी नकळत हे संवर्धन आपल्याच शेतात करीत होता.

सोयाबीनने हे गणित बदलले. १९८० नंतर हळूहळू व १९९० नंतर झपाट्याने हे पीक वऱ्हाडात पसरले. ज्वारी-मुगाची जोडी त्याने मोडली आणि कपाशीचेही क्षेत्र घेतले. सोयाबीनला लागणारा जिवाणू (१९८२ पासून ज्याचे नाव ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम असे आहे) येथील जमिनीत पुरेसा नव्हता. तेव्हा बियाण्यास संवर्धन लावण्याची खरी गरज प्रथमच उत्पन्न झाली. गुळाच्या पाण्यात पाकिटातील भुकटी कालवायची, बियाण्यावर चोळायची, सावलीत सुकवून लगेच पेरायचे, ही कृती गावोगाव परिचित झाली. अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेले कृषि विद्यापीठ व १९८३ च्या राष्ट्रीय प्रकल्पाखालील नागपूरचे प्रादेशिक केंद्र यांचे कार्य या संदर्भात पाहावे लागते.

मुक्तपणे राहणाऱ्या जिवाणूंची कथा इतकी सरळ नाही. अझोटोबॅक्टरचा शोध १९०१ चा. सोव्हिएत रशियात त्याचा व स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला. अमेरिकेत १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत मात्र स्फुरद-जिवाणूंचा लाभ नगण्य आढळला. चुनखडीच्या काळ्या जमिनीत या जिवाणूंकडून अपेक्षा बाळगणे तर्काला धरून आहे, पण त्यांना लागणारे सेंद्रिय अन्न जमिनीतच नसेल तर ते करणार काय? इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी अशाच काळ्या जमिनीच्या प्रदेशात पऱ्हाट्या, काडीकचरा व शेण यांचे कंपोस्ट सिद्ध केले. त्यांनी जिवाणू विकले नाहीत, त्यांना अन्न पुरविले.

पाकिटातील जिवाणू सजीव असतात, ही गोष्ट दुकानदारीत सहज विसरली जाते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पेरणी मृगात होते; म्हणजे पाकिटाचा साठवणुकीचा काळ नेमका भाजणाऱ्या उन्हात येतो. २००६ साली जैविक खतांचा खत नियंत्रण आदेशात समावेश होऊन जिवाणूंच्या किमान संख्येचे बंधन घातले गेले. त्यापूर्वी शेतकऱ्याच्या हाती कित्येकदा केवळ काळी भुकटी पडली असल्यास नवल नाही, आणि विक्रेत्याच्या तापलेल्या फळीवर कायद्याचा अंमल आजही अवघडच आहे.

राहिला सोयाबीनच्या बेवडाचा प्रश्न. द्विदल म्हणून त्याला मुगाच्या पंक्तीस बसविण्यात येते. पण सोयाबीन आपल्या गरजेपैकी ढोबळमानाने निम्मेच नत्र हवेतून मिळविते, आणि सुमारे ४० टक्के प्रथिने असलेल्या दाण्यांबरोबर बराचसा साठा बाजारात रवाना होतो. पाने गळून शेतातच राहतात. कुटार मळणीच्या जागी साचते. ते गुरांपुढे गेले व शेण शेतात आले तर थोडी भरपाई होते, आणि धुऱ्यावर पेटविले तर त्यातील नत्र धुराबरोबर पुन्हा हवेत जाते.