अनियमित क्रियापदं नक्की कोणाचा नियम मोडतात?

स्पॅनिश शिकायला लागलात की थोड्याच दिवसांत क्रियापदांचा तक्ता हातात पडतो. -आर, -एर, -इर असे तीन गट. प्रत्यय लावायचे, रूप तयार. मग येते 'अनियमित' क्रियापदांची यादी, आणि सूचना एकच: पाठ करा. परीक्षेसाठी ठीक आहे. पण तुम्हाला भाषेच्या इतिहासावर संशोधन करायचं असेल, तर ही यादी फोडून बघा.

पहिलं उदाहरण 'दोर्मिर', म्हणजे झोपणे. 'मी झोपतो' म्हणजे 'दुएर्मो', पण 'आम्ही झोपतो' म्हणजे 'दोर्मिमोस'. लॅटिनमधल्या ऱ्हस्व 'ओ'वर आघात असेल तर स्पॅनिशमध्ये त्याचा 'उए' झाला. 'दोर्मिमोस'मध्ये आघात पुढच्या अक्षरावर आहे, म्हणून 'ओ' टिकला. म्हणजे ध्वनीचा नियम नीट पाळला गेला, म्हणूनच रूप वेगळं दिसतं!

दुसरं 'इर', म्हणजे जाणे. 'बोय' (मी जातो), 'इबा' (मी जात असे), 'फुई' (मी गेलो). इथे लॅटिनमधली तीन वेगळी क्रियापदं एका संसारात नांदतायत. आपल्याकडे 'जातो' आणि 'गेला' बघा. तिथेही मूळ धातू दोन आहेत.

तिसरं 'आन्दार', म्हणजे चालणे. याचा भूतकाळ 'आन्दुबे'. हे रूप लॅटिनमधून आलेलंच नाही. 'आबेर' या सतत वापरातल्या क्रियापदाच्या भूतकाळाच्या साच्यावर ते नंतर बेतलं गेलं. नियमाने व्हायला हवं ते 'आन्दे' आज चूक मानलं जातं, तरी बोलताना अनेकांच्या तोंडी येतं.

आणि उलटंही घडलं. 'मेतेर' (आत घालणे) याचा जुना भूतकाळ 'मिसे' होता. आज तो सरळ 'मेती' आहे. म्हणजे आजचं नियमित रूप जुनंच असेल, असंही नाही.

अन्तोनिओ दे नेब्रिखा यांचं कास्तेयानो भाषेचं व्याकरण १४९२ साली छापलं गेलं. तोवर ही सगळी उलथापालथ लोकांच्या बोलण्यात शतकानुशतकं चालू होती. तक्ते नंतर आले.

हे मी का सांगतोय? माझ्या पहिल्या आराखड्यात न बसणारी सगळी रूपं मी 'अपवाद' म्हणून परिशिष्टात ढकलली होती. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "हे सगळे एकाच कारणाने अपवाद आहेत का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, त्यात सहा महिने गेले.

तुमचे सहा महिने वाचवा. आपल्या सामग्रीतल्या प्रत्येक अपवादापुढे एक रकाना करा: हा ध्वनिबदलातून आला, दोन धातूंच्या मिसळणीतून, की दुसऱ्या रूपाच्या अनुकरणातून? जो रकाना रिकामा राहील, तिथून कामाला सुरुवात करा.