ईम (डर्बीशायर)

ईम हे इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील एक लहान गाव आहे. पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, शेफील्ड शहराच्या नैर्ऋत्येस, एका डोंगरउतारावर ते वसलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ९६९ होती. इ.स. १६६५-६६ मध्ये गावात प्लेगची साथ आली, तेव्हा रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून येथील रहिवाशांनी आपल्या धर्मगुरूंच्या आवाहनानुसार स्वतःवर गावबंदी घालून घेतली. या घटनेमुळे ईम ‘प्लेगचे गाव’ म्हणून प्रसिद्ध आहे. गावातील चर्च, वार्षिक उत्सव आणि एकूण सामाजिक जीवन यांवर त्या साथीच्या स्मृतीचा ठसा आजही दिसतो.

नाव, स्थान व व्यवसाय

गावाच्या नावाचा उच्चार ‘ईम’ असा एकाक्षरी होतो. १०८६ च्या डूम्सडे बुक या महसुली पाहणीत गावाची नोंद आढळते. हे नाव जुन्या इंग्रजीतील बेट या अर्थाच्या शब्दापासून आले असून, ओढ्यांच्या मधली जमीन असा त्याचा येथे अर्थ लावला जातो. गावाच्या दक्षिणेस चुनखडीचा प्रदेश आहे, तर उत्तरेस ‘ईम एज’ नावाची वालुकाश्माची उंच कडा आहे.

शेती व मेंढपाळी यांच्या जोडीला शिशाच्या खाणी हा येथील अनेक शतकांचा प्रमुख व्यवसाय होता. खाणीतून निघणाऱ्या खनिजाचा ठरावीक हिस्सा चर्चच्या धर्मगुरूस मिळत असे. त्यामुळे अठराव्या शतकात, खाणी भरभराटीस आल्या असताना, ईमचे धर्मगुरुपद उत्पन्नाच्या दृष्टीने चांगलेच संपन्न झाले होते. पुढे रेशीम व सुती कापड विणणे आणि पादत्राणे तयार करणे हे उद्योगही गावात चालले. विसाव्या शतकात फ्लोरस्पार या खनिजासाठी जुन्या खाणींचा पुन्हा उपयोग करण्यात आला.

पॅरिश आणि चर्च

इंग्लंडमधील ग्रामव्यवस्था समजून घेण्यासाठी ‘पॅरिश’ ही संकल्पना माहीत असणे आवश्यक आहे. एका चर्चच्या अधिकारक्षेत्रात येणारा प्रदेश म्हणजे पॅरिश. त्याच्या मुख्य धर्मगुरूस रेक्टर किंवा व्हिकर म्हणतात. उपासना चालविणे हे त्याचे मुख्य काम असले, तरी पूर्वी गरिबांना मदत, रस्त्यांची देखभाल यांसारखी लौकिक कामेही पॅरिशमार्फतच होत. १५३८ मध्ये राजाज्ञेने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. १८९४ च्या कायद्याने गावचा नागरी कारभार निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे गेला आणि धार्मिक पॅरिश त्यापासून वेगळे झाले. ईमचे चर्च आज १९२७ मध्ये स्थापन झालेल्या डर्बी धर्मप्रांतात मोडते.

संत लॉरेन्स यांच्या नावाचे येथील चर्च मध्ययुगीन असून पूर्वी ते संत हेलन यांच्या नावाने ओळखले जाई. चर्चच्या आवारात अँग्लो-सॅक्सन काळातील कोरीव दगडी क्रूस उभा आहे. तो साधारणतः आठव्या शतकातील मानला जातो. भिंतीवर १७७५ सालचे छायाघड्याळ असून त्यावर जगातील दूरदूरच्या ठिकाणांची नावे कोरलेली आहेत. आतील भिंतींवर जुनी चित्रे आहेत. १९८५ मध्ये बसविलेल्या रंगीत काचेच्या खिडकीत प्लेगच्या काळातील प्रसंग दाखविले आहेत.

प्लेगची साथ (१६६५-६६)

१६६५ मध्ये लंडन शहरात प्लेगचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. परंपरेनुसार, त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस लंडनहून कापडाचे एक गाठोडे ईममधील एका शिंप्याकडे आले. कापड दमट असल्याने त्याचा सहायक जॉर्ज विकर्स याने ते वाळविण्यासाठी चुलीजवळ पसरले. कापडातील पिसवांमधून त्याला रोगाची बाधा झाली, असे मानले जाते. ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याचे दफन झाले. तो मेरी कूपर या विधवेच्या घरी राहत होता. त्याच महिन्यात तिचा लहान मुलगा दगावला आणि नंतर रोग शेजारच्या घरांत शिरला. चर्चनजीकची ही घरे ‘प्लेग कॉटेजेस’ या नावाने आजही ओळखली जातात. हिवाळ्यात साथीचा जोर कमी झाला, परंतु १६६६ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा उफाळली.

त्या वेळी गावात दोन धर्मगुरू होते. विल्यम मॉम्पेसन हे १६६४ मध्ये आलेले तरुण रेक्टर होते. त्यांच्या आधी ते पद सांभाळणारे टॉमस स्टॅन्ली हे प्युरिटन पंथाचे होते. १६६२ च्या कायद्याने सर्व धर्मगुरूंवर राजमान्य प्रार्थनापुस्तकाचा स्वीकार सक्तीचा करण्यात आला होता. स्टॅन्ली यांना ते मान्य नसल्याने त्यांना धर्मगुरू म्हणून काम करता येत नव्हते. तरीही ते गावातच राहत होते आणि अनेक गावकऱ्यांची निष्ठा त्यांच्याकडेच होती. मॉम्पेसन यांना गावाचा पुरेसा विश्वास अद्याप मिळालेला नव्हता. अशा स्थितीत या दोघांनी मतभेद बाजूला ठेवून एकत्र काम केले, ही या घटनेतील विशेष महत्त्वाची बाब आहे. एकट्याच्या शब्दावर सारा गाव एकमताने वागला असता असे नाही.

जून १६६६ मध्ये पुढील तीन निर्णय घेण्यात आले:

१. मृतांचे दफन चर्चच्या आवारात न करता ज्या त्या कुटुंबाने आपल्या परसात किंवा शेतात करावे.
२. चर्चमध्ये गर्दी टाळण्यासाठी ते बंद ठेवून उपासना ‘ककलेट डेल्फ’ नावाच्या जवळच्या मोकळ्या दरीत घ्यावी.
३. गावाची ठरलेली हद्द ओलांडून कोणीही बाहेर जाऊ नये व कोणी आत येऊ नये.

पवित्र मानलेल्या भूमीत दफन व्हावे, ही त्या काळच्या श्रद्धाळू माणसाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. म्हणूनच पहिला निर्णय स्वीकारणे गावकऱ्यांना सोपे नसणार.

गावाला अन्न व औषधे पुरविण्याची जबाबदारी जवळच्या चॅट्सवर्थ येथील डेव्हनशायरचे अर्ल व आसपासचे लोक यांनी घेतली. हद्दीवरच्या ठरावीक जागी बाहेरचे लोक सामान ठेवून जात आणि ते गेल्यावर गावकरी ते उचलत. स्टोनी मिडलटन या गावाकडे जाणाऱ्या वाटेवर एक सीमाशिळा आहे. तिच्यात पाडलेल्या छिद्रांत व्हिनेगर भरून त्यात मोबदल्याची नाणी ठेवली जात. उत्तरेकडील एका झऱ्याचाही असाच उपयोग होई. त्याला आज ‘मॉम्पेसनची विहीर’ म्हणतात.

ऑगस्ट १६६६ हा महिना सर्वांत भीषण ठरला. या एका महिन्यात सुमारे ७८ माणसे मरण पावली. गावाबाहेरील रायली येथे राहणाऱ्या एलिझाबेथ हँकॉक हिने आठ दिवसांत आपला पती व सहा मुले गमावली. शेजारी मदतीस येऊ न शकल्यामुळे सर्वांचे दफन तिला एकटीलाच करावे लागले. ही दफनभूमी ‘रायली ग्रेव्ह्ज’ या नावाने नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात जतन करण्यात आली आहे. ऑगस्टच्याच अखेरीस मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरिन हीदेखील साथीत दगावली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे.

१ नोव्हेंबर १६६६ रोजी झालेला मृत्यू हा साथीतील शेवटचा मानला जातो. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे मृत्युमुखी पडली. गावबंदी चौदा महिने चालली असे पुष्कळदा लिहिले जाते. प्रत्यक्षात चौदा महिने हा साथीचा एकूण कालावधी होय. गावबंदी जून १६६६ पासूनच्या शेवटच्या काही महिन्यांतील होती. आसपासच्या गावांत रोग पसरला नाही.

साथीनंतर

साथ संपल्यावर कपडे, अंथरुणे इत्यादी वस्तू जाळण्यात आल्या. स्टॅन्ली यांचा मृत्यू १६७० मध्ये ईममध्येच झाला. मॉम्पेसन १६६९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधील ईक्रिंग येथे गेले. तेथील लोकांना रोगाची भीती वाटत असल्याने प्रारंभी त्यांना गावाबाहेर राहावे लागले, असे सांगतात. ज्यांनी गावाबाहेर रोग जाऊ दिला नाही, त्यांनाच नव्या गावात संशयाने पाहिले गेले. १७०९ मध्ये त्यांचे निधन झाले. साथीच्या काळात त्यांनी लिहिलेली काही पत्रे उपलब्ध असून ती या घटनेच्या माहितीचा महत्त्वाचा आधार आहेत.

अभ्यासकांची मते

ईमची कथा दीर्घकाळ निखळ आत्मबलिदानाची गाथा म्हणून सांगितली गेली. पुढील मुद्द्यांवर मात्र अभ्यासकांनी अधिक चिकित्सा केली आहे.

गावबंदी कितपत स्वेच्छेची होती, हा पहिला प्रश्न होय. काही सधन कुटुंबे आधीच गाव सोडून गेली होती आणि मॉम्पेसन यांनीही आपली मुले सुरक्षित ठिकाणी पाठविली होती. ज्यांना बाहेर आसरा नव्हता, ते मागे राहिले. असे असले तरी मॉम्पेसन दांपत्य स्वतः गावात राहिले, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रश्न मृत्यूच्या प्रमाणाचा आहे. गावची लोकसंख्या सुमारे ३५० होती असे पूर्वी मानत, त्यामुळे बहुतांश गाव नष्ट झाल्याचे चित्र उभे राहिले. नंतरच्या संशोधनानुसार लोकसंख्या ७०० च्या आसपास किंवा त्याहून अधिक असावी. म्हणजे सुमारे एक तृतीयांश लोक दगावले. तरीही हे प्रमाण भयंकरच आहे.

तिसरा प्रश्न वैद्यकीय स्वरूपाचा आहे. पिसवांमार्फत पसरणाऱ्या रोगाच्या काळात लोकांना एकत्र कोंडल्याने गावातील मृत्यू वाढले का, असा तो प्रश्न आहे. लिलिथ व्हिटल्स आणि झेव्हियर डिडेलॉट यांनी २०१६ मध्ये नोंदवहीच्या आधारे केलेल्या गणिती विश्लेषणात, सुमारे तीन चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसाला झाल्याचा अंदाज मांडला आहे. तो ग्राह्य धरल्यास गर्दी टाळण्याचा निर्णय योग्य दिशेचा ठरतो.

इतिहासकार पॅट्रिक वॉलिस यांच्या मते, आज परिचित असलेले कथेचे वीररसयुक्त रूप हे मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील लेखनातून घडले आहे. विल्यम वुड या स्थानिक लेखकाच्या १८४२ मधील ग्रामेतिहासाचा त्यात मोठा वाटा आहे. ईमची एमट सिडल आणि स्टोनी मिडलटनचा रोलंड टोर या प्रेमिकांची कथाही परंपरेने चालत आली आहे. हद्दीवर लांबूनच भेटणारी एमट एके दिवशी येईनाशी झाली, आणि गाव खुले झाल्यावरच रोलंडला तिच्या मृत्यूची वार्ता कळली, असे ती कथा सांगते.

सामाजिक जीवन

ईममधील वर्षाचा सर्वांत महत्त्वाचा काळ म्हणजे ऑगस्टच्या अखेरचा ‘वेक्स’ उत्सव. त्यावेळी डर्बीशायरची खास परंपरा असलेली ‘विहीर-सजावट’ केली जाते. लाकडी फळ्यांवर ओल्या चिकणमातीचा थर देऊन त्यावर फुलांच्या पाकळ्या, पाने, बिया, शेवाळ इत्यादी नैसर्गिक वस्तू दाबून बसवितात आणि चित्र तयार करतात. हे काम अनेक स्वयंसेवक कित्येक दिवस एकत्र बसून करतात. पाकळ्या लवकर सुकत असल्याने त्या शेवटी लावाव्या लागतात. तयार फलक पाण्याच्या स्थानापाशी उभे करून धर्मगुरूंच्या हस्ते त्यांना आशीर्वाद दिला जातो. उत्सवात मिरवणूक व सामुदायिक भोजनही असते.

ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी ‘प्लेग संडे’ पाळला जातो. साथीच्या द्विशताब्दीच्या वेळी, १८६६ मध्ये, या प्रथेचा प्रारंभ झाला. गावकरी व पाहुणे ककलेट डेल्फ येथे जमून ज्या दरीत साथीच्या काळात उपासना झाली तेथेच प्रार्थना करतात.

इंग्लंडमधील खेड्यांत चर्चचे वृत्त व गावचे वृत्त एकत्र देणारे ‘पॅरिश मासिक’ ही एक जुनी संस्था आहे. डर्बी शहरातील धर्मगुरू जॉन अर्स्किन क्लार्क यांनी १८५९ मध्ये अशा मासिकास चालना दिली. मधली पाने सर्वत्र समान आणि बाहेरची पाने त्या त्या गावची, अशी त्याची रचना होती. धर्मगुरूंचे पत्र, उपासनेच्या वेळा, बाप्तिस्मा-विवाह-दफन यांच्या नोंदी, चर्चमध्ये फुले ठेवणाऱ्यांची पाळी, महिला मंडळाच्या सभा आणि स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती, असा मजकूर या मासिकांत असतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या बातम्या पुढे ग्रामेतिहासाची साधने बनतात. ईममधील प्लेगचा इतिहासदेखील मुख्यतः दफनाच्या अशाच साध्या नोंदींवरून लिहिता आला आहे.

गावात प्राथमिक शाळा, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट हे सभागृह आणि १६७२ च्या सुमारास बांधलेला ईम हॉल हा वाडा आहे. जुन्या मेथडिस्ट चॅपेलच्या इमारतीत १९९४ मध्ये ईम संग्रहालय सुरू झाले. २०२० मध्ये कोविड-१९ च्या जागतिक साथीच्या काळात विलगीकरणाचे जुने उदाहरण म्हणून ईमची जगभर पुन्हा चर्चा झाली.

साहित्य व कला

कवयित्री ॲना सेवर्ड यांचा जन्म १७४२ मध्ये ईममध्ये झाला. त्यांचे वडील टॉमस सेवर्ड हे येथील रेक्टर होते. प्लेगच्या घटनेवर डॉन टेलर यांचे ‘द रोझेस ऑफ ईम’ हे नाटक आणि जेराल्डिन ब्रुक्स यांची ‘इयर ऑफ वंडर्स’ (२००१) ही कादंबरी प्रसिद्ध आहे. ब्रुक्स यांनी कादंबरीत गावाचे नाव न देता घटनेचे स्वैर रूपांतर केले आहे, त्यामुळे तिच्यातील पात्रे व प्रसंग ऐतिहासिक समजू नयेत.